गवताचे आवर्तन

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

आमच्या भागातील मुलांच्या कानांवर 'आवर्तन' हा शब्द शाळेत पाय ठेवण्यापूर्वीच पडतो. कालव्याला आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार, शेवटच्या चारीपर्यंत पाणी पोचणार की मध्येच आटणार, ही बोलणी घरोघरी चालतात. माझे गाव येडगाव. कुकडी नदीवरील आमचे धरण १९७७ साली पुरे झाले आणि तेथूनच कुकडीचा डावा कालवा निघून पूर्वेकडील दुष्काळी तालुक्यांत जातो. धरणात पाणी आहे म्हणून ते बारा महिने अखंड सोडत नाहीत. काही दिवस सोडतात, मग बंद करतात; पुन्हा पाळी येईपर्यंत जमीन वाफशावर येते, पीक मुळे पसरते. पाणी अखंड दिले तर जमीन चिबड होते आणि पीक पिवळे पडते, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते.

मात्र जे शहाणपण आपण पाण्याच्या बाबतीत शिकलो, ते गवताच्या बाबतीत विसरलो की काय, अशी शंका मला गेली दोन वर्षे सतावते आहे. गवतालाही पाळी हवी असते. चार दिवस जनावरांचे आणि महिनाभर गवताचे, असा हिशोब ठेवला तर माळ हिरवा राहतो. तो न ठेवल्यास त्याच माळावर पुढे खडक उघडा पडतो. या पद्धतीला शेतीशास्त्रात 'रोटेशनल ग्रेझिंग' म्हणतात. आपण तिला 'पाळीची चराई' म्हणू. तिच्याविषयी जे वाचले, पाहिले आणि घरी ऐकले, ते या लेखात मांडण्याचा विचार आहे.

पद्धत सांगायला अगदी सोपी आहे. एका मोठ्या कुरणाचे लहान लहान भाग पाडायचे. सगळी जनावरे एका वेळी एकाच भागात सोडायची. तेथील गवत ठराविक उंचीपर्यंत खाऊन झाले की त्यांना पुढच्या भागात न्यायचे. अशी फेरी पूर्ण करून जनावरे पहिल्या भागात परत येतील, तेव्हा तेथील गवत पुन्हा वाढलेले असले पाहिजे. वाढले नसेल तर फेरी लांबवायची. यात यंत्र नाही, औषध नाही, बियाणे नाही. आहे तो फक्त दिवसांचा हिशोब.

हा हिशोब का लागतो, हे समजण्यासाठी गवताच्या मुळाशी जावे लागेल. गवताचे पान हे त्याचे स्वयंपाकघर आहे. तेथे सूर्यप्रकाशात अन्न तयार होते आणि ते मुळांना व बुंध्याला पोचते. जनावराने पाने खाल्ली की नवा फुटवा काढण्यासाठी गवत बुंध्यात आणि मुळांत साठविलेले अन्न वापरते. म्हणजे पहिला हिरवा कोंब हा एका अर्थी उसनवारीवर उगवलेला असतो. तो मोठा होऊन स्वतः अन्न करू लागला की उसने फिटते. पण नेमका तो कोवळा असतानाच जनावर परत आले, तर ते काय करील? आजूबाजूचे जून, राठ गवत सोडून हाच गोड कोंब खाईल. गवत पुन्हा उसने काढील. असे तीन-चार वेळा झाले की साठा संपतो, मुळे आखूड होतात आणि पहिल्या उघडिपीतच ते झाड मरते. मोकळ्या चराईत चांगले गवत आधी मरते ते असे. त्याच्या जागी जनावर ज्याला तोंड लावत नाही असे टाकळा, गाजरगवत आणि काटेरी झुडपे माजतात.

अमेरिकेच्या कृषी खात्यातील क्रायडर नावाच्या शास्त्रज्ञाने १९५५ साली या संबंधीचे प्रयोग प्रसिद्ध केले. गवताची निम्म्यापेक्षा कमी पाने कापली, तर मुळांची वाढ जवळजवळ तशीच चालू राहते. परंतु ऐंशी टक्के पाने कापली तर मुळांची वाढ बारा दिवस साफ थांबते आणि नव्वद टक्के कापली तर सतरा-अठरा दिवस थांबते. आपण वर पाने पाहतो, पण हानी जमिनीखाली होते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. यावरून 'अर्धे खावे, अर्धे ठेवावे' हा नियम चराईच्या शास्त्रात रूढ झाला.

याच सुमारास फ्रान्समध्ये आंद्रे व्हॉयझाँ नावाचा एक विलक्षण माणूस होऊन गेला. तो रसायनशास्त्र जाणणारा, आणि नॉर्मंडीत स्वतःच्या गाई राखणारा शेतकरी होता. आपल्या गाई चरताना तो तासन्‌तास पाहात बसे. १९५७ साली त्याने गवताच्या उत्पादनावर जो ग्रंथ लिहिला, त्याने या विषयाला शास्त्राचे रूप दिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: कुरण खराब होते ते जनावरांच्या संख्येमुळे नव्हे, तर वेळेच्या चुकीमुळे. शंभर गाई एका दिवसात एक तुकडा चरून महिनाभर परत आल्या नाहीत, तर गवत सावरते. एकच गाय रोज त्याच तुकड्यात फिरत राहिली, तर तेच गवत मरते. त्याने आपल्या प्रदेशासाठी आकडेही दिले. मे-जून महिन्यांत गवत जोमात असते, तेव्हा अठरा दिवसांची विश्रांती पुरते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वाढ मंदावली की त्याच गवताला छत्तीस दिवस लागतात. म्हणजे फेरीचे दिवस कायमचे ठरवून चालत नाही. गवताच्या वाढीप्रमाणे फेरी लहान-मोठी करावी लागते. धरणातील साठा पाहून आवर्तनाचे दिवस ठरवतात, तसेच हे आहे.

युरोप-अमेरिकेत ही पद्धत मांसासाठी वाढवलेल्या गुरांनाही लावतात. तेथे हिवाळाभर बर्फाखाली झोपलेली कुरणे वसंतात एकदम उसळून वर येतात आणि त्या गवतावर जनावराचे वजन रोज किती वाढले, हा अशा गुरांचा मुख्य हिशोब असतो. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीस १९७६ च्या प्राणिरक्षण कायद्याने बंदी घातली गेली आणि २०१५ च्या दुरुस्तीने ती बैल व वळू यांनाही लागू झाली. आपला हिशोब दुधाचा, शेणखताचा आणि बैलाच्या खांद्याचा. पण जनावर कशासाठी पाळले आहे याचे गवताला काय? त्याची मुळे नॉर्मंडीत आणि येडगावात एकाच नियमाने वाढतात. फरक इतकाच, की तिकडचा वसंत म्हणजे आपला आषाढ-श्रावण. ज्येष्ठातील पहिल्या सरींनंतर पंधरा-वीस दिवसांत आपला करडा माळ हिरवागार होतो, तोच आपला चराईचा वसंत.

या कोवळ्या हिरवाईचा एक धोका मात्र सांगितला पाहिजे, आणि तो मला पुस्तकात वाचून कळलेला नाही. मी आठवीत असताना आमच्या घरी एक कालवड होती. श्रावणातील एका पहाटे ती दावे तोडून शेजारच्या लसूणघासात शिरली. रात्रभर झिमझिम पाऊस होऊन घास चिंब भिजलेला होता. आम्हांला कळेपर्यंत ती तासभर खात होती. गोठ्यात आणली तेव्हा तिची डावी कूस नगाऱ्यासारखी तट्ट फुगली होती. ती पाय आपटत होती, जीभ बाहेर काढून श्वास घेत होती. आजोबांनी तिच्या तोंडात लिंबाचे दांडके आडवे बांधले, गोडेतेल पाजले, तिला चढावर तोंड करून उभे केले. गुरांचे डॉक्टर येईपर्यंत ती खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. आजोबा बराच वेळ तिच्या अंगावर हात फिरवीत बसले होते. मग एवढेच म्हणाले, "हिरवं दिसलं म्हंजी त्यो चारा झाला, आसं न्हाय."

त्या पोटफुगीचे कारण मला पुढे समजले. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात चारा आंबत असतो आणि त्यातून सतत वायू निघतो. एरवी तो ढेकरांवाटे बाहेर पडतो. परंतु कोवळ्या लसूणघासात, बरसीममध्ये किंवा विलायती कुरणांतील क्लोव्हरमध्ये विरघळणारी प्रथिने फार असतात. त्यांचा साबणाच्या फेसासारखा फेस होतो. वायू त्या फेसाच्या बुडबुड्यांत अडकतो आणि ढेकर येत नाही. पोट फुगून फुप्फुसांवर दाब येतो आणि जनावर गुदमरते. तेल पाजतात ते हा फेस मोडण्यासाठी. अगदी अखेरच्या क्षणी डॉक्टर डाव्या कुशीत नळी खुपसून वायू काढतात. हे सर्व टाळण्याचे उपाय मात्र साधे आहेत. जनावर उपाशीपोटी हिरव्यात सोडू नये. आधी कडबा किंवा सरमाड खाऊ घालावे. दव किंवा पावसाचे पाणी उतरेपर्यंत थांबावे. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग तास, असे हळूहळू वाढवावे, कारण पोटातील जंतूंना कोरड्या चाऱ्याकडून ओल्या चाऱ्याकडे वळायला आठ-दहा दिवस लागतात. मेंढ्यांना तर पहिल्या पावसाच्या लुसलुशीत गवतावर आंत्रविषार होतो, म्हणून त्याची लस पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्यावी लागते.

शिवाय कोवळे गवत दिसते तितके भरीव नसते. त्यात शंभरातील ऐंशी-पंच्याऐंशी भाग पाणी असते. तीनशे किलो वजनाच्या गाईला दिवसाला साधारण साडेसात किलो कोरडा चारा लागतो, असे धरू. तेवढा चारा केवळ कोवळ्या गवतातून मिळवायचा तर तिला चाळीस ते पन्नास किलो गवत खावे लागेल. खुरटलेल्या माळावर ती दिवसभर फिरली तरी एवढे तिच्या तोंडात येत नाही. मग श्रावणात सगळीकडे हिरवे असूनही गाय पातळ शेण टाकते, हाडे दाखवते आणि दूध कमी देते, याचे नवल वाटायला नको. पाळीची चराई येथे दुहेरी उपयोगी पडते. विश्रांती मिळालेले गवत वीतभर वाढलेले असते. त्यात पाणी थोडे कमी आणि धागा थोडा अधिक असतो. गाईचे पोट लवकर भरते आणि ती रवंथ करीत बसते.

हे 'वीतभर' मी मोजमाप म्हणून मुद्दामच वापरले आहे. शास्त्रीय पुस्तकांत सेंटिमीटर असतात, पण माळावर पट्टी घेऊन कोण जाणार? माझ्या समजुतीने आपल्याला एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे: गवत वीतभर झाले की जनावर आत, मूठभर उरले की जनावर बाहेर. वीत म्हणजे सुमारे नऊ इंच आणि मूठ म्हणजे सुमारे चार. 'अर्धे खावे, अर्धे ठेवावे' हा क्रायडरच्या प्रयोगातून निघालेला नियम आपल्या हातातच बसला आहे.

आपल्या माळांवरील गवते यासाठी अगदी योग्य आहेत. मारवेल, पवना, डोंगरी ही बहुवर्षायू गवते एकदा रुजली की वर्षानुवर्षे फुटतात आणि जनावरे ती आवडीने खातात. त्यांना राखले नाही तर कुसळी पसरते. कुसळीही कोवळी असताना खाण्याजोगी असते. पण एकदा तिला कुसळे आली की ती मेंढीच्या लोकरीतून कातडीत शिरतात आणि जनावराच्या तोंडात जखमा करतात. म्हणून कुसळीचा तुकडा आधी चारायचा किंवा फुलोऱ्याआधी कापायचा आणि मारवेलीचा मागे ठेवायचा, असा क्रम लावता येतो. आश्विनानंतर आपल्याकडे पाऊस संपतो आणि गवताची वाढही थांबते. तेव्हा शेवटचे काही भाग चारायचे नाहीत. ते फुलोऱ्यावर येताच कापून, वाळवून त्यांची गंजी रचायची. उन्हाळ्यात विकतच्या चाऱ्याचे पैसे त्यातून वाचतात.

आता कोणी म्हणेल, ही सगळी परदेशी विद्या झाली. तसे मला वाटत नाही. दिवाळीनंतर आमच्या शिवारात धनगरांचे वाडे उतरतात. शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढ्या बसवायला बोलावतात, कारण दोन रात्रींत शेताला लेंड्यांचे आणि मुताचे असे खत मिळते की पुढचे पीक रंगावर येते. वाघुरीच्या जाळीत मेंढ्या कोंडलेल्या असतात आणि वाडा दर एक-दोन दिवसांनी पुढे सरकतो. एका वयस्क धनगराला मी विचारले होते, की इथे अजून गवत दिसते आहे, मग तुम्ही का हलता? तो म्हणाला, "दोन राती झाल्या की वाडा हलवायचा. तिसऱ्या दिशी मेंढी मूळ उपटती." व्हॉयझाँने ग्रंथ लिहून जे सिद्ध केले, त्याचे सार या एका वाक्यात आहे. धनगरांची वर्षभराची वाटचालही अशीच एक मोठी पाळी आहे. पावसाळ्यात पूर्वेकडील कमी पावसाचे माळ, पावसाळ्यानंतर पश्चिमेकडील पिकांची मोकळी राने आणि घाटाखालचे कोकण, आणि पुन्हा परत. एका जागचे गवत ते वर्षभर खात नाहीत.

गावातही पूर्वी याची व्यवस्था होती. 'कुरण' या शब्दाचा अर्थच मुळी राखलेले गवताचे रान असा आहे. पेशवाईत घोडदळासाठी सरकारी कुरणे राखली जात. आपल्या तालुक्यात कुरण नावाचे गावच आहे. शिवाय गावाचा एक गुराखी असे. त्याला घराघरांतून राखोळी मिळे आणि सकाळी सगळ्यांची गुरे एकत्र करून तो ठरलेल्या बाजूला नेई. आज ओढ्याकडे, उद्या टेकडीमागे, असा त्याचा क्रम असे. आजोबा सांगतात, की नागपंचमीपर्यंत टेकडीमागे गुरे न्यायची नाहीत, असा त्यांच्या लहानपणी दंडकच होता. गुराखी गेला, राखोळी गेली आणि प्रत्येक जण आपले जनावर जवळ दिसेल त्या हिरव्यात सोडू लागला, तेव्हा ही पाळी मोडली.

त्यातच गायराने आक्रसत गेली. कुठे वस्ती झाली, कुठे शेती, कुठे इमारती. २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील एका खटल्याच्या निकालात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याविषयी सर्व राज्यांना आदेश दिले. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्र शासनानेही गायरानांच्या संरक्षणाचा निर्णय काढला. जमीन कागदावर वाचली; पण त्या जमिनीवरील गवत कसे वाचवायचे, हा प्रश्न गावापुढेच राहिला.

त्यावर आपल्या शेजारीच एक मोठे उत्तर शोधले गेले. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने, आणि नगर तालुक्यातील हिवरे बाजारात १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने जे काम झाले, त्यात कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदी हेही एक सूत्र होते. डोंगरावर जनावर सोडायचे नाही; गवत कापून घरी आणायचे आणि गोठ्यात घालायचे. त्याचे फळ दोन्ही गावांनी पाहिले. गवत वाढले, माती थांबली, पाणी मुरले, दूध वाढले. त्या कामाविषयी मला अतिशय आदर आहे. उजाड झालेल्या डोंगराला आधी काही वर्षे पूर्ण विश्रांतीच द्यावी लागते, यातही शंका नाही.

पण चराईबंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. आमच्या वस्तीवर एक म्हातारी आहे. आम्ही सगळे तिला मामी म्हणतो. तिला गुंठाभर जमीन नाही. एक गावठी गाय आणि तीन शेळ्या एवढाच तिचा संसार. चावडीवर चराईबंदीचा विषय निघाला, की बागायतदार मंडळी लगेच माना डोलावतात. कारण त्यांच्या बांधाला हत्तीगवत आहे, उसाचे वाढे आहेत, मुरघासाच्या बॅगा आहेत. मामी एकदा म्हणाली, "बंदी घाला की बाबांनो. पर माझी गाय दाव्याला बांधून तिला काय दगड चारू?" त्यावर कोणी काही बोलले नाही. मलाही काही सुचले नाही. हा लेख लिहिण्याचे खरे कारण विचाराल तर तो प्रश्न आहे.

उत्तराची एक दिशा उत्तरेकडच्या शेजारी तालुक्यात सापडते. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी या अवर्षणग्रस्त गावात १९९६ पासून वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट या संस्थेच्या साहाय्याने पाणलोटाचे काम झाले. तेथेही चराईबंदीची अट आली आणि ज्यांचे पोट मेंढ्यांवर होते त्यांनी तिला विरोध केला. तेव्हा सगळे रान एकदम बंद न करता कामे टप्प्याटप्प्याने घेतली आणि चराईसाठी काही रान उघडे ठेवले. म्हणजे 'सगळे उघडे' आणि 'सगळे बंद' यांच्या मध्ये तिसरी वाट असते, आणि ती माणसांशी बोलूनच सापडते. पाळीची चराई ही ती तिसरी वाट कायमची करण्याची रीत आहे.

समजा, एखाद्या गावाकडे बावीस एकर गायरान शिल्लक आहे आणि काही वर्षांच्या विश्रांतीनंतर त्यावर गवत आले आहे. दोन-दोन एकरांचे अकरा भाग करू. प्रत्येक भागात तीन दिवस गुरे चरली, तर एक भाग चरताना उरलेले दहा भाग विश्रांती घेतात आणि प्रत्येक भागाला तीस दिवसांची उसंत मिळते. तारेच्या विजेऱ्या कुंपणाचा खर्च परवडणार नाही. पण बोरी-बाभळीच्या फेसाट्या, दगडी ताली आणि ओढ्यांच्या नैसर्गिक हद्दी यांवर बरेच भागते. सर्वांत स्वस्त कुंपण म्हणजे गुराखी. राखोळी देऊन एक माणूस नेमला, तर एका घरालाही रोजगार मिळतो. पिण्याच्या पाण्याची सोय मात्र प्रत्येक भागाच्या जवळ हवी, नाहीतर गुरे पाण्याच्या वाटेवरचेच गवत तुडवून टाकतात. किती गुरे घ्यायची हे गवत ठरवील: तीन दिवस पुरे होण्याच्या आत मूठभर गवत उरले तर गुरे जास्त झाली, असे समजावे. आणि मोजक्या गुरांनाच जागा असेल, तर ज्यांना जमीन नाही त्यांच्या गुरांचा हक्क आधी मानावा. ज्याच्या बांधाला हत्तीगवत आहे, त्याने गायरानावर हक्क सांगण्याचे कारण नाही.

या विचाराला दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही खरे आहेत. पहिला बिबट्याचा. उसाच्या रानांत बिबट्यांनी घरे केली आहेत. वन खात्याला माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र चालवावे लागते, यावरून आपल्या तालुक्याची स्थिती समजते. एकटे-दुकटे पोर गाय घेऊन माळावर जाणे आता धोक्याचे आहे. पण म्हणूनच विखुरलेल्या चराईपेक्षा सगळी गुरे एका तुकड्यात, एका मोठ्या माणसाच्या नजरेखाली आणि दिवस मावळण्याआधी गोठ्यात, ही रीत अधिक सुरक्षित नाही काय? दुसरा आक्षेप संकरित गाईंचा. जर्सी किंवा होल्स्टीन गाय उन्हात माळ तुडवीत हिंडणार नाही आणि हिंडली तर दूध आटवील. हे मान्य आहे. त्या गाई गोठ्यातच राहाव्यात. पण गंमत अशी, की गोठ्यातील गाईचा मालकही नकळत पाळीच पाळतो. हत्तीगवताचे सरे पाडून तो रोज एकेक कापत जातो, बुडखा चार-सहा इंच ठेवतो आणि पहिल्या सऱ्याकडे दीड-दोन महिन्यांनी परत येतो. त्याच्या विळ्याला जी शिस्त आहे, ती माळावरील गाईच्या तोंडाला लावायची, एवढेच मागणे आहे.

आमच्या धरणाचे पाणी उन्हाळ्यात ओसरते आणि उघड्या पडलेल्या गाळात हिरवळ फुटते. मागच्या वैशाखात मी आजोबांबरोबर तेथे गेलो होतो. त्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिलेला आहे. ऐन पंचविशीत त्यांनी चाऱ्यावाचून गुरे विकली आहेत. पाण्याच्या कडेने शेळ्या, मेंढ्या आणि गाई त्या हिरवळीवर तुटून पडल्या होत्या, आणि त्यांत मामीची गाईही होती. आजोबा बराच वेळ पाहात राहिले. मग म्हणाले, "पाण्याची पाळी लावायला सरकारनं मानसं नेमली. गवताची पाळी कोन लावनार?"

आपल्या महाविद्यालयात दर वर्षी श्रमसंस्काराचे शिबिर होते. आपण वृक्षारोपण करतो, बंधारे घालतो, रस्ते झाडतो. एखाद्या वर्षी आपण एखाद्या गावाच्या गायरानाचा नकाशा काढावा, त्यावरील गवतांची नोंद करावी, किती गुरे आणि कोणाची गुरे तेथे येतात ते विचारावे आणि त्या गावापुढे पाळीचा एक साधा तक्ता ठेवावा. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना नकाशा येतो, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हिशोब येतो आणि मराठीच्या विद्यार्थ्यांना लोकांशी बोलता येते. गवत उगवायला आपली गरज नाही. ते पहिल्या पावसाला आपण होऊन येते. त्याला महिनाभराची उसंत मिळवून देणे मात्र माणसांच्याच हाती आहे. ती मिळाली, तर मामीच्या प्रश्नाला निदान पावसाळ्यापुरते तरी उत्तर देता येईल.